मासोळीचे नवरात्र

उपवासाने देहाची शुद्धी होते, चित्त स्थिर होते, आणि ही ओढ केवळ माणसातच नव्हे तर मुक्या जिवांतही असते. हे वाक्य माझे नाही. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी ते नवरात्राच्या दुसऱ्या रात्री माइकवरून उच्चारले, आणि त्यांनी उल्लेखलेला मुका जीव त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत, तोंडात अंडी धरून बसला होता. मुका होता हे खरे. तोंड भरलेले असले की कोणीही मुकाच असतो.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो. मी आनंदनगरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. ऑर्डरप्रमाणे रंग आला की नाही हे दिवसभर बघायचे, हे माझे काम. घरी आल्यावर असे रंग बघावेसे वाटले जे कोणाच्या ऑर्डरने येत नाहीत, म्हणून मी आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरातले मासे पाळायला लागलो. त्यांना सिक्लिड म्हणतात. दिसायला ते सणासुदीचे असतात आणि वागायला भाऊबंदकीचे. टाकीत दगड रचून द्यावे लागतात, कारण प्रत्येक नराला स्वतःची खोली लागते, आणि ती मिळाली की शेजारच्याची.

त्यांच्या सरोवराचे पाणी जड, क्षारांचे. आमच्या नळाला येते ते धरणाचे, हलके. त्यात डाळ लवकर शिजते आणि सिक्लिड फिके पडतात. म्हणून टाकीत शिंपल्यांचा चुरा घालायचा, चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा. ढोकळ्यासाठी आणलेला सोडा नेमका ढोकळ्याच्या दिवशी संपलेला असतो, हा आमच्या संसारातला कायमचा वाद आहे. शिवाय दर आठवड्याला थोडे पाणी बदलायचे. मागच्या उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झाले, तेव्हा याच अध्यक्षांनी नोटीस लावली होती की काही सभासद चैनीखातर माशांचे पाणी बदलतात. काही सभासद म्हणजे मी एकटा. मी बदललेले पाणी खालच्या तगरीला आणि जास्वंदीला घालत असे, आणि त्याच जास्वंदीची फुले अध्यक्षांच्या देवघरात जात. पण ते नोटिशीत नव्हते.

मासे मी उल्हासनगरहून आणतो. कॅम्पातला तो दुकानदार पूर्वी जीन्सच्या धंद्यात होता, आणि अजून माल त्याच थाटात दाखवतो. पिशवी उजेडात धरून म्हणतो, "साईं, इसका कलर धुलाई में नहीं जाएगा." बहुतेकांचा महिन्याभरात जातो. कारण त्यांना रंग चढवायला काहीबाही खाऊ घातलेले असते. पण एकदा त्याच्याकडे एक खरी जोडी आली होती. नर निळा, इतका निळा की मी कारखान्यात तो रंग कधी पास केला नसता, कारण असा रंग पुन्हा तसाच येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मादी राखाडी. या जातीत मादीला निसर्गाने काहीही दिलेले नाही. पिल्ले वाढवण्याचे काम मात्र सगळे तिला दिले आहे.

पुन्हा तसा नर मला मिळाला नाही. दुकानदाराला विचारले की तो म्हणे, अब सब मिक्स आता है. खरेच, आता येतात ते सगळे सरमिसळ झालेले. तेव्हा या जोडीची पिल्ले व्हावीत, एवढीच माझी दोनेक वर्षे इच्छा होती. लोक फ्लॅटला फ्लॅट जोडतात, मला निळ्याला निळा जोडायचा होता.

मग ऐन पितृपक्षात, जेव्हा आमच्याकडे कोणी नवी चप्पलसुद्धा विकत घेत नाही, मी एका संध्याकाळी कामावरून आलो तर नर टीव्हीच्या कपाटाखाली फरशीवर पडलेला. फिल्टरच्या नळीसाठी झाकणात ठेवलेल्या फटीतून त्याने उडी मारली होती. आणि टाकीत मादी कोपऱ्यात, हनुवटी सुजल्यासारखी फुगवून, तोंड घट्ट मिटून उभी. अंडी घातली होती. या माशांची मादी अंडी घातल्या घातल्या तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे, ती तोंडातच फुटून पोरे पोहण्याजोगी होईपर्यंत, तशीच राहते. तोवर काही खात नाही. खाल्ले तर पोरे पोटात जातील. घाबरली तर मात्र ती स्वतःच गिळून टाकते, कारण धोक्यात पोरे गमावण्यापेक्षा जेवण बरे, असा तिचा हिशेब असावा.

मी बायकोला म्हटले, गेला बिचारा, पण मागे ठेवून गेला. ती म्हणाली, "अहो, मयताला आल्यासारखं काय बोलताय? झाकणाला आधी चिकटपट्टी लावा."

मी चिकटपट्टी लावली, आणि त्या दिवसापासून त्या हनुवटीकडे बघत राहिलो. तिच्यात जे काही होते ते शेवटचे होते.

घटस्थापनेला बायकोची मोठी बहीण बदलापूरहून, कुळगावहून आली. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई नऊ दिवस पाण्यावर आणि संध्याकाळच्या एका फळावर राहते. साबुदाणा नाही, भगर नाही, वेफर तर नाहीच. उपासाच्या नावाखाली लोक जे ताट वाढून घेतात ते बघून ती म्हणते की एवढं तर मी रोज जेवतही नाही. ती हे कोणाला सांगत नाही. विचारले तर "भूक नाही" म्हणते आणि भाजी निवडायला घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको माशांना खाणे टाकत होती. सगळे वर झेपावले, ही एक खाली राहिली. ताईने विचारले, हिला काय झालं? बायको म्हणाली, ती सध्या काही खात नाही. ताई म्हणाली, "मग माझ्या पंक्तीला बसव. दोघी मिळून नवरात्र करू."

हा विनोद होता. घरात दोघी हसल्या, मी हसलो. बायकोने तो लिफ्टमध्ये शेजारणीला सांगितला. शेजारीण पाचव्या मजल्यावर उतरेपर्यंत हसत होती. पण पाचव्या मजल्यावरून तो सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेला आणि तिथे त्यातला विनोद गळून पडला. दुपारपर्यंत कळले की तिसऱ्या मजल्यावर एक मासोळी देवीचा कडक उपास करते, आणि एका जाणत्या बाईने ते ओळखले आहे.

संध्याकाळी अध्यक्ष आले. हे गृहस्थ बोलण्याआधी घसा खाकरतात आणि खांद्यावर नसलेली शाल सावरतात. पलीकडच्या सोसायटीने त्या वर्षी गरब्याला मालिकेतली कोणी नटी आणायचे ठरवले होते, आणि आमच्याकडे ढोलवाला सोडून काही नव्हते, हे त्यांच्या भक्तीमागचे कारण मला नंतर लक्षात आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या. एरवी माझ्या घरी ते चपलांसकट येतात. मासोळी पाहून जरा हिरमुसले.

"रंगाला अगदीच साधी आहे हो," ते म्हणाले.

मी त्यांना सगळे समजावले. तोंडात अंडी आहेत, म्हणून ती खात नाही, तिला गडबड चालत नाही, कृपा करून हे पसरवू नका. मी कारखान्यात नव्या मुलांना जसे समजावतो तसे, सावकाश. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. मग हात जोडले.

"म्हणजे दोन जिवांची," ते म्हणाले. "आणि अशा अवस्थेत नऊ दिवसांचा निर्जळी उपास."

"निर्जळी कसा? पाण्यातच आहे ती."

"साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. सगळ्यात खोट काढणार."

मी सत्य सांगितले आणि चमत्कार दुप्पट झाला. त्याच रात्री आरतीनंतर माइकवरून ते देहशुद्धीचे वाक्य आले, आणि दर्शनाची वेळही. वेळ मला न विचारता ठरली होती.

दुसऱ्या दिवसापासून दर्शन सुरू झाले. दाराबाहेर चपलांचा ढीग. हॉलमध्ये माणसे. एकजण अंगठीने काचेवर टकटक करून मासोळीला हाक मारायचा. फोनचे लाइट सारखे लखलखत. काचेवर कुंकवाची बोटे उठली. कोणी राजगिऱ्याच्या लाडवाचा कण टाकला, का तर तिला हे चालते. मी फिल्टरमधून राजगिरा काढत बसलो. आणि उदबत्त्या. टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत धूप असेल तर तो धूप सोडतो. पंप आस्तिक नाही आणि नास्तिकही नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासून धापा टाकू लागले, तेव्हा एक बाई मला म्हणाल्या की बघा, आरती कशी म्हणतायत.

मी उदबत्त्या विझवल्या. बाई दुखावल्या. मी पंप खिडकीपाशी नेला, नळी लांब केली. दुसऱ्या दिवशी खिडकीत समई होती.

मला राग श्रद्धेचा आला नाही, हे इथे सांगून ठेवतो, कारण आमच्याकडे लोक रागाचे कारण न ऐकता त्याचा धर्म विचारतात. खऱ्या श्रद्धेचे माणूस माझ्याच स्वयंपाकघरात होते. नऊ दिवस एका फळावर राहणारी ताई त्या सगळ्या दर्शनार्थींसाठी रिकाम्या पोटी ओट्याशी उभी राहून चहाची पातेली चढवत होती. खरा उपास पाच पावलांवर उभा होता आणि लोक त्याच्याकडून कप घेऊन, त्याच्याकडे पाठ करून, एका माशाला नमस्कार करत होते. कोणी ताईला विचारले नाही की तुम्ही जेवलात का. एकीने मात्र सांगितले, साखर जरा कमी घाला.

मासोळीला मी वेगळ्या लहान टाकीत हलवायचे ठरवले होते. तिथे तिने शांतपणे पोरे सोडली असती. अध्यक्षांना कळले. ते म्हणाले की स्थान हलवू नये. माझ्या घरात, माझ्या पैशाने आणलेल्या टाकीचे ते स्थान झाले होते. बायको मला आत नेऊन म्हणाली, दोन दिवस दम धरा, आपल्याला इथेच राहायचंय. तेही खोटे नव्हते. मी दम धरला. मासोळीने धरला नाही. सातव्या माळेला मी बघितले तर तिची हनुवटी उतरली होती. सगळी नाही, पण आदल्या दिवशीपेक्षा नक्की कमी. ती गिळायला लागली होती.

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिनेही पाहिले असावे.

"भाऊजी," ती म्हणाली, "राहिलीत तेवढी पोरं काढता येतात का तिच्या तोंडातून?"

येतात. मी ते कधी केले नव्हते, फक्त वाचले होते आणि व्हिडिओत पाहिले होते. अष्टमीला सकाळी, दर्शनाला कोणी येण्याआधी, आम्ही बाथरूमची कडी लावली. टाकीतल्याच पाण्याने अर्धी भरलेली बादली ताईने दोन्ही पायांत घट्ट धरली. मी हात ओला करून मासोळीला जाळीतून अलगद मुठीत घेतले, डोके खाली केले आणि नखाने तिचा खालचा ओठ जरासा ओढला. काही नाही. पाण्यात बुडवून वर काढले. पुन्हा ओठ ओढला. जोर करायची सोय नव्हती, कारण जबडा मोडला तर दोन्हीकडून गेले. मग एक ठिपका पडला. त्याला दोन डोळे होते आणि तो पोहला. मागोमाग बाकीचे एकदम आले.

ताई वाकून बघत राहिली. "अगंबाई," ती म्हणाली, "बडीशेप थुंकावी तशी थुंकतेय की."

ओंजळभर पाण्यात मावतील इतकीच होती, पण पुरी वाढलेली होती, पोटावर पिवळ्या बलकाचा मागमूस नव्हता. बादलीच्या तळाशी ती सगळी एका जागी गोळा झाली. मासोळीला टाकीत सोडले तर ती क्षणभर कुठे आहोत हे न कळल्यासारखी थबकली.

"आता हिला वाढा आधी," ताई म्हणाली.

मी खाणे टाकले. ती सगळ्यांच्या पुढे होती.

नेमके तेव्हाच दार वाजले आणि अध्यक्ष आत आले. बरोबर दसऱ्याच्या कार्यक्रमाचा फलक घेऊन एकजण होता. फलकावर लिहिले होते, मासोळीच्या पारण्याचा सोहळा, आणि पाहुणे म्हणून आमच्या वॉर्डातल्या एका नगरसेवकाचा फोटो होता. आमच्याकडे बराच काळ नगरसेवक फक्त माजी किंवा भावी असत, हे दोन्ही होते. त्यांच्या हस्ते तिला शिऱ्याचा घास भरवायचा होता. म्हणजे माशाला साजूक तूप. अध्यक्षांनी टाकीकडे पाहिले. मासोळी खात होती. ती नुसती खात नव्हती, दुसऱ्यांच्या तोंडचे ओढून खात होती.

"तुम्ही उपास मोडलात," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता.

मी बोलणार होतो, पण ताई ओले हात पदराला पुसत बाथरूममधून बाहेर आली.

"तो उपास नव्हताच, दादा," ती म्हणाली. "मी गंमत केली होती. उपास माझा आहे. पारणं करायचंच असेल तर माझं करा."

अध्यक्ष हसले. वडीलधाऱ्या बाईच्या थट्टेला हसावे तसे, मनापासून. "तुमचं काय ताई," ते म्हणाले, "तुम्ही घरच्याच."

आणि ते वळून मला म्हणाले की असू दे, दुसरी कुठली तरी एक द्या, जरा रंगाला बरी बघून. लोकांना काय कळतंय.

आयुष्यात मी फार कमी वेळा कोणाला घराबाहेर काढले आहे. त्या दिवशी काढले. शब्द मी इथे लिहीत नाही, बायकोने मनाई केली आहे. पण ते जिन्यात दोन मजले खाली ऐकू गेले, आणि त्यात मी त्यांचेच "लोकांना काय कळतंय" ओरडून परत म्हटल्यामुळे मी त्याच्याशी सहमत असल्याचा समज झाला, ही आणखी एक गंमत.

सोहळा झालाच. अध्यक्षांनी उल्हासनगरहून लालभडक मासा आणवला आणि तो फुलांच्या माळा घातलेल्या काचेच्या भांड्यात मंडपात ठेवला. बायकांनी त्याची खणानारळाने ओटी भरली. माजी आणि भावी नगरसेवकांनी शिऱ्याचा कण टाकला, माशाने तो घेतला आणि थुंकला, टाळ्या वाजल्या, आणि माइकवरून आईच्या त्यागावर बरेच काही आले. वर आमच्या स्वयंपाकघरात ताईने वरणभात, लिंबू आणि चमचाभर तूप एवढ्यावर पारणे केले. बायकोने वाढले, मी पंखा लावला. खालचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी बंद केली होती.

आमच्या दाराशी आता चपला नसतात. लिफ्टमध्ये काही लोक माझ्याकडे बघून गप्प होतात, कारण तिची तपश्चर्या मी भंग केली. नवी नोटीस लागली आहे, काही सभासद पाणी वाया घालवतात अशी. मी तिच्याखाली काही लिहिले नाही. फक्त जास्वंदीला पाणी घालणे बंद केले.

पिल्ले जगली. आधी बादलीत, मग लहान टाकीत. मी खाणे खलबत्त्यात कुटून घालायचो. ताई कुळगावहून फोन केला की आधी पोरांची चौकशी करते, मग बहिणीची. या जातीत निळा रंग उशिरा येतो, म्हणून मी रोज सकाळी उजेडात टाकी बघत असे आणि घरात सगळ्यांना धीर धरायला सांगत असे. वंश टिकला, असे मी एकदोनदा म्हणालोही.

आता ती बोटाच्या पेराएवढी झाली आहेत. मोठ्या टाकीत तेव्हा आणखी एक नर होता, दुकानदाराने कशावर तरी फुकट दिलेला, पिवळा. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही असे मला वाटत होते, म्हणून मी त्याच्याविषयी लिहिले नाही.

पिल्ले पिवळी आहेत.